जुन्या मोटारीचा पत्रा कोठे कापावा?



वेदान्त, काव्यशास्त्र, अर्थकारण अशा भारदस्त विषयांच्या रांगेत आज एका मोडक्या मोटारीला जागा मिळाली आहे. चालकांनी विषय मागितला तेव्हा आम्ही 'जुन्या पिकअप मोटारीचे कुजलेले पत्रे कसे बदलावेत' असे लिहून पाठविले. त्यांनी ते न हसता मान्य केले, यात त्यांचे धैर्य दिसते. मोटारीचा शौक श्रीमंतांचा आणि पत्रे ठोकण्याचे काम गॅरेजातले, अशी आपली समजूत. व्याख्यानाला येणारा माणूस या दोहोंत कोठेच बसत नाही. पण ज्याच्या घरावर पत्रा आहे, ज्याच्या माळ्यावर वडिलांची लोखंडी ट्रंक आहे, ज्याच्या न्हाणीघराच्या दाराचा खालचा पत्रा दर पावसाळ्यात विरत चालला आहे, त्या प्रत्येकाला आजचा प्रश्न कधी ना कधी पडतोच. बिघडलेला भाग काढायचा हे खरे. पण कोठवर काढायचा?

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच गाडी घेऊ. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९४७ च्या जूनमध्ये शेव्हरले नावाच्या मालमोटारींची एक नवी घडण बाजारात आणली. ती १९५५ च्या मार्चपर्यंत चालली. तिच्यातली अर्ध्या टनाची पिकअप '३१००' या क्रमांकाने ओळखली जाते. पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर ११६ इंच. पुढे तिघांना दाटीने बसता येईल अशी केबिन. मागे साडेसहा फूट लांबीचा उघडा हौदा. हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा, फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या. दोन्ही अंगांना फुगीर मडगार्डे आणि दाराखाली पाय ठेवायला पायदान. शेतकऱ्याची, सुताराची, नळ दुरुस्त करणाऱ्याची ही गाडी. तिला कोणी झाकून ठेवली नाही, पुसली नाही. तिच्यावर खत लादले, विटा लादल्या, आणि शेवटी गोठ्यामागे उभी करून दिली.

या कंपनीचा मुंबईशी जुना संबंध आहे. १९२८ साली शिवडीला तिचा कारखाना निघाला. परदेशातून पेट्यांत सुटे भाग येत आणि येथे जोडले जात. १९५३ साली टॅरिफ कमिशनने अशी शिफारस केली की, गाड्यांचे भाग येथेच बनविण्याची ज्यांची योजना असेल त्यांनीच या धंद्यात राहावे, नुसती जोडणी पुरे. पुढच्याच वर्षी शिवडीचे काम थांबले. एवढ्यापुरते हे नाव आपल्या ओळखीचे. पण आमची गोष्ट अमेरिकेतल्या गाडीची आहे. आम्ही चौघे मित्र मिशिगन संस्थानात नोकरीला असताना कित्येक शनिवार अशा एका गाडीखाली पडून काढले. तेव्हा आज आम्ही 'आम्ही' म्हणतो ते आदरार्थी नव्हे, खरेखुरे अनेकवचन आहे.

मिशिगनचा उल्लेख मुद्दाम केला. तेथे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते खारट पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागते आणि पत्र्याच्या घड्यांत शिरून बसते. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज कसे फुगतात हे त्याने पाहिले आहे. उलट ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशा कोरड्या संस्थानांत गाडी पन्नास वर्षे उन्हात पडली तर रंग उडतो, रबर तडकते, पण पत्रा शाबूत राहतो. म्हणून उत्तरेकडचे लोक दक्षिणेकडून पत्रे मागवतात.

गाडीच्या अंगावरचे पत्रे दोन जातींचे. बॉनेट, मडगार्डे, पायदाने, दारे, हौद्याचा फाळका हे बोल्टांनी कसलेले असतात. पाना लावला की सुटतात. केबिनचे खालचे कोपरे, दाराखालचे उंबरठे, तळ, बिजागरी ज्यावर बसते ते खांब हे मात्र एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले. ते सुटत नाहीत, कापावे लागतात.

पहिल्या जातीचे काम सोपे, आणि सोपे म्हणूनच त्यात लोक बेफिकीर होतात. बोल्टांवर आदल्या रात्री तेल सोडावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. मडगार्ड आणि केबिन यांच्यामध्ये कारखान्यातल्या कारागिराने कोठे एक, कोठे तीन अशा पातळ चकत्या घातलेल्या असतात, त्या मात्र भराभर डब्यात टाकल्या जातात. त्या चकत्या म्हणजे त्या कारागिराचे हिशेबाचे कागद. कोणत्या भोकाशी किती होत्या हे लिहून ठेवले तर नवे मडगार्ड तासाभरात जागी बसते. नाही तर दोन दिवस दाराची आणि त्याची कड जुळत नाही.

याहून नाजूक गोष्ट सालाची आहे. १९५१ पासून या गाडीच्या दारात वाऱ्यासाठी छोटी तिकोनी काच आली, त्याआधी नव्हती. १९५२ मध्ये दाराची मूठ बदलली. खाली फिरवायची जाऊन अंगठ्याने दाबायची आली. १९५४ मध्ये तोंडावरची पाच आडव्या पट्ट्यांची जाळी गेली, आणि समोरच्या दोन सपाट काचांच्या जागी एकच वळणदार काच आली. आता समजा, १९५० च्या गाडीचे दार कुजले आणि बाजारात १९५३ चे मिळाले. थोड्या खटपटीने ते बसतेही. पण त्या क्षणी ती गाडी १९५० ची राहिली नाही, १९५३ ची झाली नाही. अशी दोन सालांची गाडी रस्त्याने खुशाल धावते, तिच्या मालकाला त्यात काही उणे वाटत नसेल तर आमचे भांडण नाही. मात्र ती पुढे विकताना '१९५० ची अस्सल' म्हणून विकू नये.

नव्या साच्यात दाबून काढलेली मडगार्डे आज अमेरिकेत विकत मिळतात. आमचे मत विचाराल तर, पोचे पडलेले पण न कुजलेले जुने मडगार्ड नव्यापेक्षा बरे. नकलेची गोलाई कोठे तरी चुकते, भोके अर्ध्या बोटाने सरकलेली असतात, आणि नीट बसविण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात जुने सरळ होते. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगणे सोपे आहे. खाली टेकू, वर हातोडी, आणि ठोका नेमका टेकूवर. ठोका टेकूवर पडला की धातू दोहोंमध्ये चेपून पसरतो. टेकूच्या बाजूला पडला की पसरत नाही, नुसता हलतो. पोचा काढणाऱ्याला बहुतेक वेळ दुसरा ठोका हवा असतो आणि नवशिका पहिलाच मारीत सुटतो. मग पत्रा ताणला जाऊन टिनच्या झाकणासारखा टक्टक् वाजू लागतो. शिवाय पोचे पडले त्याच्या उलट्या क्रमाने काढावे लागतात. आधी कड वळली, मग मध्ये खोलगट झाले, तर आधी मध्य उचलायचा, कड शेवटी. अपघात कसा झाला असेल हे मनात उलटे चालवून पाहावे लागते. आम्हांला तरी या कामात सर्वांत आनंद देणारा भाग हाच वाटला.

आता दुसऱ्या जातीकडे येऊ, कारण खरा प्रश्न तेथे आहे. केबिनच्या मागच्या बाजूस, दाराच्या पाठीमागे खाली, जो गोल कोपरा असतो तो या गाडीचा सर्वांत बदनाम भाग. बाहेरून एक पत्रा, आतून दुसरा, मध्ये पोकळी. काचांच्या रबराला चीर पडली की पाणी आतून ओघळत त्या पोकळीत येते. धूळ, पाला, धान्याची तुसे तेथे साचतात आणि ओल्या बोळ्यासारखी भिंतीला चिकटून राहतात. पत्रा आतून खात येतो. बाहेर रंगावर वाटाण्याएवढा फोड दिसला की समजावे, आत तळहाताएवढी चाळण झाली आहे. पुढच्या बाजूसही तीच गत. चाकांनी उडालेला चिखल मडगार्ड आणि केबिन यांच्या सांदीत बसतो आणि बिजागरीच्या खांबाचे पाऊल कुजवतो.

म्हणून पत्रा कापण्याआधी पाणी कोठून येते ते शोधावे. बसायची गादी काढावी, जमिनीवरचे रबर उचलावे, एकाने वरून झारीने पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन बसावे. काचेचे रबर, छपराची पन्हळ, दाराच्या तळाची निचऱ्याची भोके, एकेक पाहावे. दाराच्या तळाशी कारखान्यानेच भोके ठेवलेली असतात. कित्येक मालक ती रंगाने किंवा लांबीने बुजवून टाकतात, आणि दार मग हौदासारखे भरते. पाण्याची वाट बंद न करता बसविलेला नवा पत्रा जुन्याच्याच वाटेने जातो. फार तर दहा वर्षांचा फरक.

लांबीचे नाव निघाले म्हणून सांगतो. आमच्या गाडीचे कोपरे घेताना अगदी गुळगुळीत होते. विकणाऱ्याने नाव घेण्याजोगे काही केले नाही, तेव्हा त्याचे नाव घेत नाही. खिशातले लोहचुंबक कागदात गुंडाळून केबिनवर फिरविले तर वर चिकटत होते, खाली घसरत होते. घसरले तेथे पोलाद नव्हते. खरवडून पाहिले तर निघाले जाळीचे तुकडे, वर्तमानपत्राचा बोळा आणि त्यावर जवळजवळ बोटभर लांबी. किमतीत तेवढी घासाघीस करून आम्ही गाडी घेतली. चुंबक, टोचणी आणि कान ही तीन साधने कोणालाही पुरतात. चांगला पत्रा बोटाने वाजविला तर खणखणतो, लांबीखालचा बद्द वाजतो.

कापायचे ठरले की पहिले काम पेट्रोलची टाकी काढणे. १९४९ पासून या गाडीत टाकी केबिनच्या आतच, पाठीमागे उभी असते. म्हणजे कोपऱ्याच्या अगदी शेजारी. टाकी रिकामी आहे एवढ्यावर विसंबू नये. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि पेटण्याच्या बाबतीत ती भरल्या टाकीहून वाईट. टाकी काढून अंगणाच्या पलीकडे नेऊन ठेवावी, मगच ठिणगी पाडावी.

दुसरे काम बांधण्याचे. जुना वाडा पाडताना शेजारच्या भिंतीला जसे टेकू देतात तसे. केबिन म्हणजे पेटी आहे. तिचा उंबरठा कापला की दाराची चौकट पसरते किंवा आवळते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. दारे जागच्या जागी टांगलेली असतानाच त्यांच्या भोवतालच्या फटी मोजाव्यात, वर-खाली-मध्ये, आणि आकडे भिंतीवर खडूने लिहावेत. मग चौकटीत पोलादी नळ्या आडव्या-तिरप्या पक्क्या कराव्यात. एका वेळी एकच बाजू उघडावी. आधी केबिन चासीवर जेथे टेकते ते आधार, मग खांबाची पावले, मग आतला उंबरठा आणि तळ, मग बाहेरचा उंबरठा, आणि कोपरा सर्वांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर दार लावून पाहावे. पाहुण्याच्या डोळ्यांत भरतो तो कोपरा, म्हणून हौशी माणूस त्यापासूनच सुरुवात करतो. मग खालचे आधार बदलताना केबिन अर्धा बोट उचलली जाते आणि त्या सुंदर कोपऱ्याचे दाराशी जमत नाही.

आता आमच्या विषयाचा गाभा. कोठे कापावे? कोपऱ्याचा तयार तुकडा बाजारात मिळतो तो बराच उंच असतो, आणि तो आहे म्हणून तेवढा जुना पत्रा कापून टाकण्याची प्रवृत्ती असते. आम्ही याच्या विरुद्ध आहोत. जेवढे कुजले तेवढे आणि त्याच्या पुढे खणखणीत पत्रा लागेपर्यंत, एवढेच जावे. नव्या तुकड्यातला तेवढाच भाग घ्यावा. तो जुन्यावर ठेवून टोचणीने रेघ ओढावी आणि मगच कात्री लावावी. मात्र 'लहानात लहान' हा नियमही डोळे मिटून पाळण्यासारखा नाही. सपाट पत्र्याच्या मधोमध सांधा आला तर तेथे पत्रा लाटेसारखा उठतो. वळणाजवळ आला तर वळणाचा ताठपणा त्याला धरून ठेवतो. तेव्हा दोन बोटे जास्त कापून वळण गाठणे शहाणपणाचे. तुकड्याचे कोपरे चौकोनी न ठेवता गोल करावेत. जाडीही पाहावी. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेजचा ०.९, जाड-पातळ जोडले की पातळ आधी वितळते आणि भोक पडते. आणि खांबांची पावले व आधार यांच्या बाबतीत कोणी जुन्याचा लोभ धरू नये. त्यांच्यावर माणसांचा जीव टांगलेला असतो; तेथे शंका आली तरी बदलावे.

नवा पत्रा जुन्यावर चढवून जोडावा की कडेला कड भिडवून? चढविणे सोपे. पण दोन पत्र्यांच्या मध्ये पाण्याला पुन्हा नवी खोली बांधून दिल्यासारखे होते. कारखान्यानेच जेथे कडा एकावर एक ठेवून ठिपक्या-ठिपक्यांनी डागल्या आहेत तेथे तसेच करावे. बाकी ठिकाणी कडेला कड.

वेल्डिंग करताना पत्रा वाकडा का होतो याचे कारण समजले तर अर्धे काम झाले. पोलाद सुमारे दीड हजार अंशांना वितळते. एक मीटर पट्टी शंभर अंशांनी तापली तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांबते. ठिणगीखालचा पत्रा लांबू पाहतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला लांबू देत नाही; मग तो जागच्या जागी जाड होतो. थंड होताना आकसतो तेव्हा मात्र त्याला अडविणारे कोणी नसते, आणि तो शेजाऱ्यांना आपल्याकडे ओढतो. म्हणून सलग रेघ ओढायची नाही. एक ठिपका येथे, दुसरा हातभर दूर, तिसरा त्यांच्या मध्ये. हात लावून पत्रा निवला आहे असे पाहून पुढचा. आमच्यातल्या एकाला ही सावकाशी मानवत नसे, म्हणून त्याच्याकडे चहा करण्याचे काम दिले होते. दर चार ठिपक्यांना एक कप असा हिशेब बसला. सांधा पुरा झाल्यावर त्यावर टेकू-हातोडीने मठारावे. आता मात्र तो पसरविणारा पहिला ठोकाच हवा, कारण आकसलेले मोकळे करायचे आहे.

या गाड्या नव्या होत्या त्या काळी अमेरिकेतल्या कारखान्यांत सांधे शिशाने भरीत. कल्हईवाल्याच्या हाताशी मिळतेजुळते ते काम होते, आणि शिशाच्या धुळीने व धुराने कारागिराच्या शरीरात विष जाई. १९५० च्या दशकाच्या मध्यास पॉलिएस्टरची लांबी आली आणि शिसे मागे पडले. लांबी वाईट नाही. सांध्यावर दोन-तीन मिलिमीटरचा हात फिरविला तर ती आपले काम चोख करते. पोलादाच्या जागी बसविली की ती चोरी होते.

एवढे बदलल्यावर गाडी जुनी राहते काय, असे आम्हांला नेहमी विचारतात. नागसेनाने मिलिंद राजाला रथाचे चाक म्हणजे रथ काय, कणा म्हणजे रथ काय, असे विचारून कोंडीत पकडले, ती कथा आपल्याला ठाऊक आहे. पण परिवहन खात्यापुढे तत्त्वज्ञान चालत नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैमध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. त्यात अट अशी की, वाहन मूळ रूपात असावे. चासी, बांधा किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. म्हणजे कुजलेला कोपरा मूळ आकाराने पुन्हा घडविणारा आणि छप्पर कापून केबिन बसकी करणारा, यांत सरकारही फरक करू पाहते. हा फरक सिद्ध करायचा तर कापण्याआधीची छायाचित्रे आणि मापांची वही हाच पुरावा.

जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२-१३ साली ट्युरीनची सनद म्हणून एक मसुदा संमत केला. नवे घातलेले भाग कायमच्या, सहज ओळखू येणाऱ्या खुणेने जुन्यापासून वेगळे दिसावेत, असे ती सांगते. आम्हांला हे फार पटले. कोपरा बंद करण्याआधी आतल्या बाजूस पंचाने साल ठोकायला दोन मिनिटे लागतात. बाहेरून कोणाला दिसत नाही. पुढे कोणी उघडले तर त्याला कळते की हा पत्रा कंपनीचा नव्हे.

खूण ठोकून झाली की पोकळीत जस्ताचा रंग आणि त्यावर पातळ मेण फवारावे, ते घड्यांत ओढले जाते. खालची निचऱ्याची भोके मेणाने बुजली नाहीत ना हे तारेने पाहावे, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा गादी उचलून हात फिरवावा.

आमच्या गाडीचा डावा कोपरा, कापलेला, आम्ही सामानातून येथवर आणला आहे. तो मेजावर ठेवला आहे. बाहेरून पाहिला तर एवढासा फोड, आणि उलटा केला तर आतली चाळण दिसते. ज्यांना हातात घेऊन पाहायचा असेल त्यांनी अवश्य यावे. मात्र कडांना धार आहे, मुलांना जरा जपून.